फ्रिजमार्फत विचारलेले प्रश्न

माझ्या सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. भांडण झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. कारण सीमेपलीकडच्या हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात ही गोष्ट सुरू केली की ऐकणारा लगेच खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "काहून, काय झालतं?" काही झालं नव्हतं. लांजीकडच्या त्यांच्या गावात जुन्या घरांची रीतच अशी, की सासूने जावयाशी तोंडातोंडी बोलायचं नाही. जावई समोर आला की पदर कपाळापर्यंत ओढायचा, आणि काही सांगायचंच झालं तर ते तिसऱ्याला सांगायचं, जावयाला ऐकू जाईल अशा आवाजात. आमच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांनी मला मायेने अगणित निरोप पाठवले, आणि थेट एक शब्दही बोलल्या नाहीत.

सासरे होते तोवर हे सणासुदीपुरतं होतं. ते गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि पेच पडला. माझी बायको बैहरच्या रस्त्यावरच्या एका सरकारी शाळेत शिकवते. सकाळच्या बसने जाते ती दुपार कलल्यावर परत येते. म्हणजे दिवसभर घरात सासू आणि जावई, आणि तिसऱ्याची जागा रिकामी.

ती जागा फ्रिजने घेतली. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्या मधल्या दाराशी तो उभा आहे, तोंड आत, पाठ बाहेर. मधे एक फुलाफुलांचा पडदा. सासूबाई आतून म्हणायच्या, "फ्रिजबाई, त्याइले सांगा, चहा थंडा होऊन राह्यला." मी बाहेरून फ्रिजच्या पाठीला सांगायचो, "फ्रिजबाई, आईले सांगा, आलोच." फ्रिज घरघरायचा. निरोप पोचला असं दोन्ही पक्ष मानायचे.

बैठकीच्या खोलीत माझा क्लास चालतो. इंग्रजी बोलायला शिकवतो मी. कुणाला नर्सिंगला जायचं असतं, कुणाला जंगलाकडच्या हॉटेलांत नोकरी हवी असते, कुणाला नुसतं चौकात उभं राहून मोबाइलवर इंग्रजीत बोलायचं असतं. तरुणपणी मी दिवाळीनंतरच्या मंडयांमधून, म्हणजे गावजत्रांमधून, नाटकात कामं केली आहेत. रात्रभर पेट्रोमॅक्सखाली किंचाळायची सवय लागलेला माणूस व्याकरण बसून शिकवू शकत नाही. मी व्याकरणाचा प्रयोग लावतो.

प्रश्न कसा तयार होतो हे शिकवायचं असलं की तीन पोरांना रांगेत उभं करतो. एक "यू", एक "आर", एक "गोइंग". यू आर गोइंग, तू चालला आहेस. साधं वाक्य, कुणाच्या काही पोटात नाही. मग मी तोंडाने ढोलकी वाजवतो आणि "आर" बनलेला पोरगा उडी मारून "यू"च्या पुढे येतो. आर यू गोइंग? झाला प्रश्न. पण हा भित्रा प्रश्न, याला हो किंवा नाही म्हटलं की माणूस सुटला. खरी माहिती काढायची तर विंगेतून चौथा नट आणावा लागतो. "व्हेअर." तो सगळ्यांच्या पुढे जाऊन छाती काढून उभा राहतो. व्हेअर आर यू गोइंग? आता सांग, कुठे चालला आहेस. आता हो-नाही म्हणून पळता येत नाही.

आणि ज्या वाक्यात उडी मारायला कोणीच नसतं, उदाहरणार्थ यू ईट, तिथे "डू"ला बोलवायचं. डू म्हणजे आमच्या नाटकातला बदली नट. स्वतःचं काही काम नाही, पण प्रवेश अडला की त्यालाच ढकलायचं. व्हॉट डू यू ईट? काय खातोस?

हे सगळं पडद्याआड तांदूळ निवडत सासूबाई ऐकत असायच्या, याची मला कल्पना नव्हती. मला वाटायचं, त्यांना आवाजाचा त्रास होत असेल.

आता त्यांच्या मुलाबद्दल सांगतो, म्हणजे माझ्या मेव्हण्याबद्दल. तो इंग्लंडात इंजिनिअर आहे. त्याची बायको केरळची. त्याला मल्याळम येत नाही, तिला मराठी येत नाही, म्हणून घरात दोघं इंग्रजी बोलतात, आणि त्यांची सात वर्षांची मुलगी फक्त इंग्रजीच बोलते. सासूबाईंची ती एकुलती नात, कारण आम्हाला मूलबाळ नाही. दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या दुपारी, व्हिडिओ कॉल यायचा. सासूबाई त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसायच्या, माझा मोबाइल डब्याला टेकवून ठेवायच्या आणि समोर मांडी घालून बसायच्या.

मुलगी यायची, ओल्या केसांची, टॉवेल खांद्यावर. रविवारी सकाळी तिचा पोहण्याचा क्लास असे.

"यू फूड?" सासूबाई विचारायच्या. जेवली का, असं त्यांना म्हणायचं असायचं.

"येस."

"स्कूल?"

"येस."

"गुड?"

"येस. बाय आजी."

आणि स्क्रीनवर नुसता सोफा उरायचा. मग मेव्हणा यायचा आणि धानाचे भाव विचारायचा.

एका रविवारी हे असंच झालं, फक्त तेव्हा मेव्हणा थोडा अडखळत म्हणाला, "माय, तिले दर हप्त्याले नको बसवू. ते बोर होते. महिन्यातून एखाद्या टायमाले बोलत जा."

सासूबाई म्हणाल्या, "हौ, काय हरकत." मोबाइल बंद केला आणि तिथेच बसून राहिल्या. बायको मला हळूच म्हणाली, "तुमी बाहेर जा थोडे." मी निघालो तर पडद्यामागून आवाज आला.

"फ्रिजबाई, त्याइले इचारा, मी बी त्याइच्या क्लासात बसली तं चालन का?"

मी थांबलो. बायको थांबली. सासूबाई बोलत राहिल्या, फ्रिजकडे तोंड करून.

"पोरगी मले हौ म्हणते अन् पळते. माही चूक हाय ते. मी सवालच असे करतो का हौ म्हणूनच मोकळी होते. त्या पोराइले हे शिकवते ना, उडी मारून सवाल कराचा. ते मले पाह्यजे. मले तिच्या तोंडून एक गोठ आयकाची हाय. एवढीशी का असंना."

मी फ्रिजच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "आईले सांगा, उद्यापासून."

क्लासातल्या पोरांच्या रांगेत त्या येणार नव्हत्या हे उघड होतं. म्हणून दुपारी, क्लास सुटल्यावर, मी पडद्याच्या या बाजूला आणि त्या त्या बाजूला, अशी शाळा सुरू झाली. उड्या मारायला पोरं नव्हती, तर त्यांनी भांडी मांडली. "यू" म्हणजे तांब्या, "आर" म्हणजे पळी, "गोइंग" म्हणजे वाटी. मी बाहेरून म्हणायचो, "फ्रिजबाई, सांगा, पळी तांब्याच्या पुढे." आतून खणकन् आवाज यायचा. आवाजावरून मला समजायचं, वाक्य नीट बसलं की नाही.

"डू"चं मात्र त्यांनी स्वतःचं काढलं. "आपल्या घरी पळी नसली तं शेजारणीची आणाची. काम झालं का वापस कराची," त्या फ्रिजला म्हणाल्या. मी मनातल्या मनात माझा बदली नट रंगमंचावरून उतरवला. क्लासमध्ये आता मी शेजारणीची पळीच सांगतो आणि पोरांना ती पटकन समजते.

आठवडा-दीड आठवड्यात भांडी रुळली. व्हॉट, व्हेअर, व्हेन, हू, व्हाय हे सगळ्यांच्या पुढे ठेवायचे डबे, तेही फळीवर लागले. पण माणसाशिवाय प्रश्नाचा सराव होत नाही. विचारायचं तर समोर उत्तर देणारा पाहिजे. आणि घरात उत्तर देणारा एकच होता, ज्याच्याशी बोलायचं नाही.

पूर्ण एक दुपार त्या नुसते तांदूळ निवडत बसल्या. मग पडद्यामागून विचार करून तोललेला आवाज आला. "फ्रिजबाई, त्या भाषेत सासू-जवाई असते का?"

"आईले सांगा," मी म्हणालो, "त्या भाषेत आप-तुम-तू सगळ्याले एकच यू हाय. सासूले बी यू, कुत्र्याले बी यू."

आत बहुधा फ्रिजशी सल्लामसलत चालली असावी. मग, वीस वर्षांत पहिल्यांदा, त्या माझ्याशी बोलल्या.

"व्हॉट डू यू डू?"

मी खुर्चीत सरळ झालो. "आय टीच इंग्लिश."

"व्हाय डू यू शाऊट?"

म्हणजे क्लासमध्ये ओरडता काहून. मी म्हणालो, पोरं झोपू नयेत म्हणून. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि तिसरा प्रश्न असा आला की मला कळलं, हा सराव नाही, ही उलटतपासणी आहे.

"व्हेअर डू यू गो, इव्हिनिंग?"

संध्याकाळी मी रेल्वे स्टेशनकडच्या एका टपरीवर जातो. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आहे. बायकोला मी फिरायला जातो असं माहीत आहे.

"वॉकिंग," मी म्हणालो.

"व्हॉट डू यू ईट, वॉकिंग?"

मी प्रश्न बनवायला शिकवला होता, तोच माझ्या छातीवर येऊन उभा राहिला होता, सगळ्यांच्या पुढे, छाती काढून. मी म्हणालो, "आलूबोंडा." तो शब्द दोन्ही भाषांत सारखाच.

पडद्यामागे पदर तोंडात घालून हसल्यासारखा आवाज आला. "फ्रिजबाई," त्या पुन्हा आपल्या भाषेत आल्या, "त्याइले सांगा, मी पोरीले नाई सांगत. पण कमी खा म्हणा."

त्यानंतर दुपारी रोज हे चालू झालं. मराठीत फ्रिज मधे, इंग्रजीत आम्ही दोघं. वीस वर्षांत त्यांच्याकडे माझ्याबद्दल बरेच प्रश्न साठले होते. लग्नात मी रुसलो होतो तो का, मिशी का काढली, माझ्या आईला कुठलं दुखणं होतं. सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पळ्या इकडच्या तिकडे होत, पण पुढचा डबा कधीही चुकला नाही. मलाही मजा येऊ लागली. एवढं बारकाईने मला कुणीच कधी काही विचारलं नव्हतं.

एके दुपारी मात्र त्यांनी विचारलं, "व्हेन डू आय गो?"

मला समजलं नाही. मी कधी जाते. कुठे?

"आय लिव्ह हिअर. जवाई हाउस. व्हेन डू आय गो?"

जावयाच्या घरी राहायचं नसतं, ही आमच्याकडची दुसरी रीत. त्या आल्या त्या दिवसापासून हा प्रश्न त्यांच्या ओठावर असणार. तो मुलीला विचारता येत नव्हता, फ्रिजला विचारता येत नव्हता.

"नेव्हर," मी म्हणालो.

"फ्रिजबाई, नेव्हर म्हंजे?"

"फ्रिजबाई, आईले सांगा, नेव्हर म्हंजे कधीच नाई. अन् संध्याकाळी वालाची भाजी करा म्हणाव."

संध्याकाळी वालाची भाजी होती.

महिना होत आला आणि ठरलेला रविवार आला. सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून, डब्याला मोबाइल टेकवून बसल्या. मी पडद्याच्या बाहेर, फ्रिजला टेकून, फटीतून पाहत, प्रॉम्प्टर म्हणून. नाटकात मी हेही केलं आहे. बायको माझ्या शेजारी.

मुलगी आली. ओले केस, टॉवेल.

"व्हॉट डिड यू ईट?" सासूबाईंनी विचारलं. एक चूक नाही. बायकोने माझा दंड दाबला.

"पास्ता."

"व्हेअर इज युवर मम्मी?"

"किचन."

"हू इज युवर फ्रेंड?"

"नोबडी."

मी पडद्यातून पुढचा प्रश्न पुटपुटलो. सासूबाईंनी तो उचलला. "व्हेन डू यू स्लीप?"

"एट."

म्हणजे येसच्या जागी आता एक-एक शब्द मिळाला होता. पास्ता, किचन, नोबडी, एट. पडद्याबाहेर माझा चेहरा पडला. माझी पद्धत सपशेल आपटली होती, आणि तीही घरच्या रंगमंचावर. आत सासूबाईंचे डबे संपत आले होते. मुलगी खांद्यावरचा टॉवेल ओढत होती, आता बाय म्हणणार हे तिच्या पायांवरून दिसत होतं. आता गेली तर पुन्हा महिनाभराने येणार, आणि तेव्हा कदाचित यायलाच नाही म्हणणार.

मी घाबरून जरा मोठ्यानेच पुटपुटलो. मुलगी थबकली.

"हू इज टॉकिंग?" तिने विचारलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सासूबाईंना फक्त विचारायला शिकवलं होतं. उत्तर द्यायला शिकवलंच नव्हतं. त्यांना कुणी काही विचारेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं तर त्यांच्याही नव्हतं.

सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. "माय जवाई," त्या म्हणाल्या. मुलीला ते समजलं नाही. "युवर फुफा," त्या म्हणाल्या. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला फुफा म्हणतात, आणि तो शब्द मुलीला बापाने शिकवलेला होता. तिला तो फार विनोदी वाटतो.

"व्हाय इज फुफा बिहाइंड द कर्टन?"

"आय नो टॉक. फुफा."

मुलीने टॉवेल खाली टाकला. "डिड यू हॅव अ फाइट?"

"नो फाइट."

"देन व्हाय?"

सासूबाई अडल्या. वीस वर्षांची, आणि त्यांच्या आईची, आजीची रीत त्यांना एका वाक्यात सांगायची होती. त्या थोडा वेळ भांडी शोधत राहिल्या आणि मग त्यांना सापडलं ते बोलल्या. "आय टॉक फ्रिज. फ्रिज टॉक फुफा."

तिकडून असं हसू ऐकू आलं की मेव्हणा कुठूनतरी धावत आला आणि विचारू लागला, काय झालं. मुलीने त्याला बाजूला ढकललं. आता तिला सगळं हवं होतं. फ्रिज काय म्हणतो? तो फुफाला खरं सांगतो की बदलून सांगतो? फुफाला राग आला तर फ्रिजवर येतो का? ती प्रश्नामागून प्रश्न करत होती आणि सासूबाई मिळेल त्या शब्दाला मिळेल तो शब्द जोडून उत्तर देत होत्या. "फ्रिज गुड. फ्रिज नो लाय. फुफा ईट आलूबोंडा, फ्रिज सायलेंट."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यावरच्या फुलांकडे पाहिलं.

"कॅन आय टॉक टू द फ्रिज?" मुलगी म्हणाली.

सासूबाई मोबाइल घेऊन उठल्या आणि त्यांनी तो फ्रिजच्या दाराजवळ धरला. मुलगी एकदम हळू आवाजात बोलू लागली, भराभर, इंग्लंडातल्या उच्चारात. सासूबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. फ्रिजच्या दुसऱ्या बाजूला उभा असल्याने मला कळत होतं. "डिअर फ्रिज," ती म्हणत होती, "प्लीज डोन्ट टेल डॅडी." तिला पोहण्याच्या क्लासला जायचं नव्हतं. तिथला मोठा सर, पाण्याची भीती जावी म्हणून, डोकं धरून पाण्याखाली दाबतो आणि आकडे मोजायला लावतो. तिला आकडे मोजता येत नाहीत, नाकात पाणी जातं. बाकीची मुलं हसतात. म्हणून तिथे कोणी मैत्रीण नाही. शनिवारी रात्रीच तिच्या पोटात दुखायला लागतं.

ती सांगत राहिली. एवढी वाक्यं तिच्या तोंडून या घराने कधी ऐकली नव्हती.

सासूबाई माझा चेहरा पाहत होत्या. मधला पडदा त्यांनी केव्हा बाजूला केला हे मला आठवत नाही. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण नजर सरळ माझ्याकडे. मुलगी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या,

"बापू, काय म्हणते माही पोरगी?"

मराठीत. मला. फ्रिज मधे असून.

"आई," मी म्हणालो, "पाण्याले भेते ते. तिथचा मास्तर डोकं दाबते म्हणते पाण्यात. बापाले नका सांगू म्हणते."

सासूबाईंनी मोबाइल स्वतःकडे वळवला. माझ्याकडून एकही शब्द मागितला नाही. "आय अल्सो," त्या नातीला म्हणाल्या. "आय फिअर वॉटर. स्मॉल गर्ल, आय. रिव्हर. ब्रदर पुश." पोरवयात भावाने नदीत ढकललं होतं, ते. मुलीने विचारलं, मग काय झालं? "आय बाइट ब्रदर," सासूबाई म्हणाल्या आणि आपला दंड दाखवला, कुठे चावल्या ते. मुलीला तो दंड जवळून पाहायचा होता. मग तिने स्वतःचा दात दाखवला, हलणारा. तो कधी पडणार यावर बराच वेळ चर्चा झाली.

मग सासूबाईंनी मुलाला बोलावलं. मुलगी घाबरली. "फ्रिज नो टेल," सासूबाई तिला म्हणाल्या. "आय टेल. ओके?"

मुलीने विचार केला. "ओके," ती म्हणाली, आणि सोफ्याच्या मागे जाऊन बसली. तिथून तिचे ओले केस तेवढे दिसत होते.

मेव्हण्याशी त्या आपल्या भाषेत बोलल्या, आणि इथे शेजारणीची पळी लागली नाही.

"तिले त्या पाण्यात काहून पाठवते?"

"माय, सगळे पोट्टे शिकतात इकडं."

"मास्तर डोकं दाबते तिचं. मालूम हाय का तुले?"

मेव्हणा मागे वळून सोफ्याकडे पाहू लागला. "तिनं मले नाई सांगतलं कधी. मी तं दर टायमाले इचारतो."

"काय इचारतं?"

"इचारतो ना, मजा आली ना म्हणून."

"अन् ते हौ म्हणते."

"हौ."

मेव्हणा सोफ्याच्या मागे गेला. आम्हाला त्याची पाठ दिसत होती आणि तो खाली बसून काहीतरी विचारतो आहे एवढं कळत होतं. बऱ्याच वेळाने त्याने हात मागे करून कॉल बंद केला. बहुधा मोबाइल चालू आहे याचं त्याला उशिरा भान आलं असावं.

त्या आठवड्यात त्याने तो क्लास सोडवला, आणि शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंकडे मुलगी जायला लागली, जिथे आधी आठवडाभर नुसतं काठावर बसून पाय हलवायचे असतात. हे मेव्हण्याने बायकोला फोनवर सांगितलं. सासूबाईंना त्याने सांगितलं नाही, कारण त्यांना ते आधीच माहीत होतं.

ते कसं, तर असं. शनिवारी, क्लास चालू असताना, माझा मोबाइल वाजला. मी रांगेतल्या पोरांना तसंच उभं ठेवून उचलला. मुलगी होती, झोपायच्या कपड्यांत; तिकडे सुट्टीची सकाळ होती.

"हॅलो फुफा. व्हेअर इज आजी?"

तिच्या बापाने नंबर लावून दिला नव्हता. तिने स्वतः लावला होता. मी पडद्याजवळ गेलो, फ्रिजजवळ थांबलो आणि सवयीने म्हणणार होतो, फ्रिजबाई, आईले सांगा. पण त्या आधीच पडदा सारून उभ्या होत्या, हात ओले, पदर खांद्यावर. मोबाइल त्यांनी माझ्या हातातून घेतला.

"बापू, तुमी तुमचा क्लास पाहा," असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

क्लास काही झाला नाही. पोरं उडी मारायची वाट पाहत उभी होती आणि मी दाराकडे कान लावून उभा होतो. आतून आधी सासूबाईंचा आवाज आला, "व्हेन? हू?" नंतर लांबून एक बारीक आवाज न थांबता चालला होता, शब्द कळत नव्हते. मग सासूबाईंचा आवाज, "मंग?" पुन्हा ती बारीक बडबड. पुन्हा "मंग?" मुलीला मराठी येत नाही, पण तिला थांबायची गरज पडत नव्हती.

दुपारी बायको शाळेतून आली तेव्हा पोरं निघून गेली होती आणि मी अजून खुर्चीतच होतो. दार बंदच होतं.

"माय कोठी हाय?" तिने विचारलं.

"आत. इंग्लंड लागलं हाय."

"केव्हापासून?"

"दोन घंटे झाले."

तिने दाराला कान लावला. "काय बोलून राह्यल्या त्या एवढं?"

"मले काय मालूम," मी म्हणालो. "मले बाहेर काढलं त्याइनं."